परराज्यातल्या गाड्या आणि पडलेलं भाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या तीन मालाच्या गाड्या (ट्रक) आहेत, दोन बाराटायरी आणि एक दहाटायरी, तिन्ही एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरच्या, आणि तिथल्या शिरोली नाक्यावर बुकिंगचं (गाडीला माल मिळवून द्यायचं) पण थोडंफार काम बघतो. दिवसाला एक तरी फोन असतोच की दादा बाहेरच्या गाड्यांनी रेट मारला (भाडं पाडलं), आता काय करायचं. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. हिशेबातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, तुमच्या गाडीचे आकडे तुम्ही घाला, गणित तेच राहतं.

१. परराज्यातली गाडी म्हणजे कुठली धरायची? नुसती नंबरप्लेट बघून कळतं का?

नाही कळत. प्लेटवर फक्त रजिस्ट्रेशन कुठं झालं तेवढं असतं. जीजे गाडी बऱ्याचदा खरंच गुजरातची असते, टीएन-२८ दिसली की तामिळनाडूतल्या नामक्कलची, पण एनएल-०१ दिसली म्हणून मालक नागालँडच्या कोहिमाचा असेलच असं अजिबात नाही, तो आपल्या पनवेलचा नाहीतर हरियाणाचा पण निघतो (त्याचं वेगळं, प्रश्न ६ बघा). भाड्याच्या दृष्टीनं बाहेरची गाडी म्हणजे जिला आपल्याकडं माल भरायचाय तो फक्त घरी परत जाता जाता, एवढं धरा. मग ती कागलच्या पलीकडची कर्नाटकातली केए-२३ असो नाहीतर पार राजस्थानची. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

२. बाहेरच्या गाडीला महाराष्ट्रात माल भरायचा अधिकार आहे का? कायद्यानं चालतं का हे?

चालतं, पण एक अट आहे आणि ती निम्म्या लोकांना माहीत नसते. नॅशनल परमिट असलं की देशभर गाडी फिरते. २०१० पर्यंत राज्य निवडून त्या त्या राज्याचे पैसे वेगवेगळे भरायला लागायचे, मे २०१० पासून वर्षाची एकच एकत्रित फी झाली, आधी १५,००० होती, २०१२ पासून १६,५०० रुपये. आता अट अशी की नॅशनल परमिटवर गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेऊ शकते, पण स्वतःचं राज्य सोडून दुसऱ्या एखाद्या राज्यात माल भरून त्याच राज्यात उतरवू शकत नाही. म्हणजे जीजे गाडीनं कोल्हापुरातनं अहमदाबादला गूळ नेला तर एकदम बरोबर, पण त्याच गाडीनं कोल्हापुरातनं भिवंडीला साखर नेली तर चूक. जगभरात ह्याला कॅबोटाज म्हणतात, बोटींच्या धंद्यातनं आलेला शब्द. रस्त्यावर प्रत्यक्ष काय होतं ते प्रश्न १२ मध्ये लिहिलंय, तिथं बऱ्याच पळवाटा आहेत.

३. माझा हिशेब ४० हजाराचा निघतो आणि गुजरातची गाडी २५ हजारात जाते. त्याला परवडतं तरी कसं? चोरीचं डिझेल घालतो काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा बैजवार सांगतो.

हे गणित मला गुजरातेतल्या मोरबीच्या एका ड्रायव्हरनंच शिकवलं. उजळाईवाडीला फरशी खाली करून तो शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) भरायला आला होता. गाडीत अजून फरशीच्या खोक्यांची पांढरी धूळ, तीच झाडून त्यावर ताडपत्री अंथरली आणि वर माल लावला. मी त्याला म्हटलं एवढ्या कमी भाड्यात कशाला मरतोस, तर दोरी आवळत आवळत म्हणाला, खाली जाऊंगा तो भी टोल उतना ही लगेगा ना सेठ. बास, सगळं त्यात आलं.

बघा आता. समजा हजार किलोमीटरची ट्रिप, डिझेल ९० रुपये. भरलेली गाडी ४ चा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे २५० लिटर, २२,५०० रुपये. टोल धरा ७,०००. ड्रायव्हरचा भत्ता, जेवण, वाटेतलं किरकोळ ३,५००. झाले ३३,०००. वर गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, टायरची झीज असं रोजचं २,५०० धरलं तर तीन दिवसांचे ७,५००. एकूण ४०,५००. म्हणून तुम्ही ४० च्या खाली येत नाही, आणि तुमचं बरोबरच आहे.

आता त्याचं. मोरबीहून येताना त्याचा जायचा-यायचा बराचसा खर्च फरशीच्या भाड्यातच निघालेला असतो. तो घरी जाणारच आहे, माल मिळो न मिळो. मोकळी गाडी साडेपाचचा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे १८२ लिटर, साधारण १६,४००. टोल तेवढाच, भत्ता तेवढाच. मग माल भरल्यानं त्याचा जादा खर्च किती झाला? डिझेलचे ६,१००, मालासाठी दोन दिवस थांबला तर त्याचे ५,०००, दलाली-हमालीचे दोनेक हजार. तेराएक हजार झाले. तेराच्या वर जे काही मिळेल ते त्याला सुटलेले पैसे. २५ ला गेला तर १२ हजार खिशात घालून जातो आणि वर तुम्हाला वाटतं की येडा आहे.

येडा नाही तो. त्याच्यासाठी ही परतीची ट्रिप आहे, तुमच्यासाठी जायची. एकाच रस्त्यावर एकाच मालाचे दोन वेगळे हिशेब चालू आहेत, आणि पार्टीला (माल पाठवणाऱ्याला) काय, जो कमी सांगतो त्याची गाडी लावायची.

४. म्हणजे बाहेरच्या गाड्यांमुळंच आपलं भाडं पडलं, असंच ना?

अर्धंच खरं. बाहेरच्या गाड्या आमच्या आजोबांच्या काळात पण येत होत्या. गेल्या आठ-दहा वर्षांत जे बदललं ते वेगळं आहे.

एक म्हणजे जुलै २०१८. केंद्रानं अ‍ॅक्सल लोड (एका चाकजोडीवर किती वजन चालतं ते) वाढवला, दहाटायरीचं पासिंग (गाडी आणि माल मिळून कायदेशीर वजन) २५ टनाचं २८.५ झालं, ट्रेलरची मर्यादा ४९ ची ५५ टन झाली. नवीन एक गाडी रस्त्यावर न येता देशातली माल वाहायची ताकद एका कागदानं वाढली. माल तेवढाच, जागा जास्त. मग टनाचा रेट पडणार नाहीतर काय होणार. त्या वेळी आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो की आता ओव्हरलोडची केस होणार नाही, दोनच महिन्यांत कळलं की जादा टनाचे पैसे पार्टीनं कापून घेतलेत.

दुसरं जीएसटी. जुलै २०१७ ला विक्रीकराचे नाके गेले, मुंबईची जकात पण त्याच दिवशी गेली. गुजरातनं तर नोव्हेंबर २०१९ मध्ये आरटीओचे चेकपोस्टच बंद केले. पूर्वी अच्छाडला, नवापूरला नाहीतर हाडाखेडला रांगेत रात्र जायची. ते थांबणं कमी झालं ते चांगलंच, पण महिन्याला पाच फेऱ्या मारणारी गाडी सहा मारायला लागली की बाजारात सहावी गाडी आल्यासारखंच आहे ना.

तिसरं, हप्त्याची गाडी. सप्टेंबर २०२५ ला ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, गाड्या स्वस्त झाल्या, लोकांनी घेतल्या. हप्ता चालू असलेला माणूस गाडी उभी ठेवत नाही, मिळेल त्या भाड्यात पळवतो. आणि हा माणूस एमएच पण असतो बरं का. माझा रेट सगळ्यात जास्त कोणी तोडलाय तर माझ्याच गल्लीतल्या पोरांनी.

५. डिझेल तिकडं स्वस्त पडतं म्हणून त्यांना परवडतं असं म्हणतात, खरं आहे का?

थोडंफार. आणि हा फरक बदलत राहतो. पूर्वी कर्नाटकात डिझेल चांगलंच स्वस्त होतं, कोल्हापूरच्या गाड्या निपाणीच्या पुढं जाऊन टाकी फुल्ल करायच्या. मग कर्नाटकनं जून २०२४ मध्ये टॅक्स वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये परत वाढवला, आणि ती मजा गेली. आपल्याकडं उलट जुलै २०२४ ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा डिझेलवरचा व्हॅट २४ चा २१ टक्के केला, बाकी राज्यात होता तेवढाच.

लिटरमागं ३ रुपये फरक धरला तरी ४०० लिटरच्या टाकीला १,२०० रुपये होतात. चहापाण्याला बरे आहेत, पण प्रश्न ३ मधल्या १५ हजारांच्या फरकापुढं ते काहीच नाही.

६. एनएल पासिंगच्या गाड्या एवढ्या का दिसतात? नागालँडमध्ये एवढे ट्रान्सपोर्टर आहेत का?

नाहीत हो. ट्रेलर आणि कंटेनरच्या धंद्यात नागालँड पासिंगचं फॅड जुनं आहे. कारणं दोन, रोड टॅक्स कमी पडतो आणि कागद लवकर होतात. नॅशनल परमिट सगळीकडं सारखंच, मग जिथं खर्च कमी तिथं पासिंग करायचं असा साधा हिशेब. जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर तासभर उभं राहून बघा, किती एनएल जातात ते.

ह्याचा भाड्यावर परिणाम होतो का? होतो, पण लोक समजतात तसा नाही. टॅक्सची बचत वर्षाची असते, ती ट्रिपांवर पसरली की एका ट्रिपला काहीशेच येतात. खरा फायदा ज्याच्या पन्नास गाड्या आहेत त्याला, आणि मोठ्या कंपनीच्या वर्षाच्या टेंडरमध्ये टनामागं पाच रुपयांवर पण काम जातं, तिथं तो जिंकतो. तुमच्या-माझ्यासारख्या दोन-तीन गाडीवाल्याचं त्यात काही ठरत नाही.

७. मग मी पण माझी नवीन गाडी नागालँडला पासिंग करू का? नाहीतर बीएच नंबर घेऊ?

बीएचचं आधी सांगतो, ती भारत सिरीज खाजगी गाड्यांना आहे, मालवाहू ट्रकला मिळत नाही. विषय संपला.

नागालँडचं असं आहे की मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीची नोंदणी तुम्ही जिथं राहता किंवा तुमचा धंदा जिथं आहे आणि गाडी नेहमी जिथं उभी असते त्या राज्यात करायची असते. आणि दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथंच ठेवली तर इथला नंबर घ्यायला लागतो, कलम ४७. सतत फिरणाऱ्या ट्रेलरचं कोण सिद्ध करणार म्हणून ते चालून जातं, पण तुमची गाडी रोज रात्री गोकुळ शिरगावात उभी असेल तर कधीतरी कोणीतरी विचारणारच. शिवाय गाडी विकताना एनओसी आणायला परत कोहिमाचा एजंट गाठा. माझ्या ओळखीच्या एकानं केलं होतं, टॅक्समध्ये वाचवलेले पैसे एजंटलाच घालून बसला. मी तरी करणार नाही.

८. ब्रोकरच बाहेरच्या गाड्या लावतो आणि मधले पैसे खातो, खरं ना?

मी पण थोडा ब्रोकरच आहे, तेव्हा माझ्या तोंडून ऐकताना जरा जपूनच ऐका.

खातात, खोटं कशाला बोला. पार्टीकडनं ३५ घेतले आणि गाडीला २७ ला लावलं असं होतं, आणि बाहेरच्या ड्रायव्हरला इथला रेट माहीत नसतो म्हणून त्याच्याबरोबर जास्त होतं. सकाळी दहाला नाक्यावरच्या टपरीवर या, चार ब्रोकर, प्रत्येकाचे दोन फोन आणि एक तेलकट डायरी, कोणाच्या किती गाड्या कालपासून उभ्या आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. तीच खरी माहिती. दहा गाड्या उभ्या असल्या की दुपारी चारपर्यंत कोणीच फोन करत नाही, ड्रायव्हर स्वतःच येऊन हजार-दोन हजार कमी करतो. दुसऱ्या दिवशी अजून कमी.

आता फोनवरच्या अ‍ॅपमुळं रेट सगळ्यांना दिसतो, त्यामुळं मधला मलिदा कमी झाला हे मान्य, पण गाडीवाल्याला जास्त मिळायला लागलं असं म्हणाल तर तसं झालेलं नाही. अ‍ॅपवर दोनशे किलोमीटरवरची मोकळी गाडी पण तुमच्याशी स्पर्धा करते, तीही प्रश्न ३ मधल्याच हिशेबानं.

९. सगळ्या असोसिएशननी मिळून एकच रेट बांधला तर? बाहेरच्यांना माल भरूच द्यायचा नाही.

मीटिंगमध्ये टाळ्या मिळवायला हे वाक्य चांगलं आहे. पण आपसात ठरवून रेट बांधणं हे स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसतं, आणि बाहेरची गाडी अडवणं तर सरळ पोलीस केस. पंजाबात ट्रक युनियनांची जबरदस्त पकड होती, युनियनच्या बाहेरची गाडी माल उचलूच शकायची नाही. किरतपूर साहिबच्या ट्रक सोसायटीविरुद्ध स्पर्धा आयोगानं २०१५ मध्ये निकाल दिला, आणि २०१७ मध्ये पंजाब सरकारनं नियम करून युनियनगिरीच बंद केली.

हिमाचलचं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. बरमाणा आणि दाडलाघाटच्या सिमेंट कारखान्यांना तिथल्या सोसायट्यांच्याच गाड्या लागायच्या, रेट ठरलेला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं भाडं परवडत नाही म्हणून दोन्ही कारखान्यांना कुलूप लावलं. ६७ दिवस गाड्या उभ्या. हप्ते थकले, ढाबे-पंक्चरवाले सुद्धा बसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडगा निघाला तो टनामागं किलोमीटरला मोठ्या गाडीला ९.३० आणि सिंगल अ‍ॅक्सलला १०.३०, म्हणजे आधीपेक्षा कमीच. तरी मी म्हणेन की त्यांना सौदा करता आला, कारण डोंगरात दुसऱ्या गाड्या पटकन येत नाहीत. आपल्या हायवेवर ६७ दिवस सोडा, तुम्ही ६७ तास माल अडवून दाखवा.

असोसिएशननं वाराई (माल चढवा-उतरवायची मजुरी) कोणी द्यायची, हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचे पैसे) किती दिवसांनी चालू होतं, पोच आल्यावर किती दिवसांत राहिलेलं भाडं मिळायचं, ह्यावर जोर धरावा असं माझं मत. तिथं कायदा आड येत नाही आणि खिशात खरे पैसे पडतात.

१०. सरकार किमान भाडं का ठरवून देत नाही? रिक्षाला मीटर आहे मग आम्हाला का नाही?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ मध्ये मालवाहतुकीचं भाडं ठरवून द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. कागदावर. पण अहमदाबादहून येणाऱ्या गाडीचं परतीचं भाडं मुंबईतनं ठरवायचं म्हटलं तर गुजरात सरकार वेगळं ठरवणार, आणि ठरवलं तरी बिल एकाचं आणि रोख व्यवहार दुसराच हे व्हायला एक दिवस लागणार नाही. रिक्षाला परतीच्या भाड्याची भानगड नसते.

११. वर्षात कुठल्या महिन्यात आपला हात वर असतो?

आमच्या भागात उसाचा हंगाम. दिवाळीच्या आसपास साखर कारखाने चालू झाले की लोकल गाड्या ऊस-साखरेत गुंततात, मोकळी गाडी मिळत नाही, रेट आपण सांगू तो. मार्चएंडला कंपन्या माल बाहेर काढायच्या घाईत असतात, तेव्हा पण. होळीला राजस्थान-यूपीचे ड्रायव्हर गावी जातात, पोंगलला तामिळनाडूचे, तेवढे आठ-पंधरा दिवस बाहेरच्या गाड्या कमी दिसतात. पावसाळ्यात बांधकाम थंडावतं, फरशी-सिमेंट कमी येतं, म्हणजे परतीच्या गाड्या पण कमी, पण माल पण कमी, त्यामुळं फायदा-तोटा सारखाच.

उलटं कधी? मोरबीच्या फरशीच्या भट्ट्या जोरात असल्या आणि इकडं घरं बांधायचा सीझन असला की समजायचं, गुजरातच्या दिशेचं भाडं पडलं. त्या दिवसांत मी गुजरातची ट्रिप घेतच नाही, दक्षिणेकडं पाठवतो.

१२. बाहेरची गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल नेताना पकडली तर काय? आणि हे नेमकं ओळखायचं कसं?

नियम प्रश्न २ मध्ये दिलाय. आता तिरपी प्रकरणं, जी लोक खरंच विचारतात.

मोरबीहून निघालेली गाडी अर्धा माल सांगलीला आणि अर्धा कोल्हापूरला उतरवते. चालतं, कारण माल भरला गुजरातेत. दोन ठिकाणी खाली केला म्हणून काही बिघडत नाही.

केए गाडी निपाणीतनं कोल्हापूरला माल आणते, जेमतेम चाळीस किलोमीटर. चालतं. अंतर कितीही कमी असलं तरी राज्य बदललं.

केए गाडी कोल्हापुरातनं सावंतवाडीला माल नेते, पण बेळगावमार्गे जाते, म्हणजे मध्ये कर्नाटक लागतं. नाही चालत. माल भरला महाराष्ट्रात आणि उतरला महाराष्ट्रात, रस्ता कुठनं का जाईना.

जीजे गाडी कोल्हापुरातनं माल घेऊन गुजरातेतल्या वापीच्या गोडाऊनला बिल फाडते आणि प्रत्यक्षात भिवंडीलाच खाली करते. हे सगळ्यात जास्त होतं, आणि उघडच चूक आहे. ई-वे बिल (मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि फास्टॅगचा टोल जुळत नाही तिथं पकडलं जातं, पण पकडलं जातं ते बहुतेक टॅक्सवाल्यांकडनं, परमिटच्या नियमासाठी मुद्दाम कोणी उभं नसतं. एवढं लक्षात ठेवा की राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा १ लाख आहे, त्यामुळं छोट्या मालाला लोकलमध्ये कागदच नसतो आणि बाहेरची गाडी बिनबोभाट जाते.

तक्रार करायची तर आरटीओकडं गाडी नंबर, बिल्टीचा (माल भरल्याच्या पावतीचा) फोटो, कुठं भरला कुठं उतरला हे लेखी द्या. रस्त्यात गाडी अडवून ड्रायव्हरला दमदाटी करू नका. तो पगारी माणूस आहे, आणि केस झाली तर तुमच्यावरच होते.

१३. माझी गाडी जुनी आहे, बाहेरच्या गाड्यांशी ह्याचा काय संबंध?

संबंध आहे. नॅशनल परमिट साध्या गाडीला १२ वर्षं आणि मल्टी-अ‍ॅक्सलला १५ वर्षांपर्यंतच मिळतं. त्यानंतर गाडी स्क्रॅपला जात नाही, राज्यातल्या राज्यात पळते. म्हणजे लांबच्या रूटवर बाहेरच्या गाड्यांनी दाबलं आणि लोकलला यावं म्हटलं तर तिथं सगळ्या जुन्या, हप्ता फिटलेल्या गाड्या आधीच बसलेल्या. त्यांचा रोजचा खर्च कमी, त्यामुळं रेट पण कमी. कोल्हापूर-पुणे कास्टिंगचं (फाउंड्रीतल्या ओतीव मालाचं) भाडं म्हणूनच वर्षानुवर्षं हलत नाही, त्याला गुजरातवाला काही करत नाही.

१४. सीमावाद पेटला की गाडीचं काय करायचं? तेव्हा भाडं वाढतं का?

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली ती सगळ्यांना आठवत असेल. माझी एक गाडी तेव्हा होसूरहून येत होती, ड्रायव्हरला सांगून ती हुबळीच्या अलीकडं ढाब्यावर दोन रात्री थांबवली. त्या दिवसांत दक्षिणेचं भाडं वाढवून देतो म्हणणारे फोन आले, पण एमएच गाडी द्यायला कोणी तयार नव्हतं, ज्यांच्याकडं केए गाडी होती त्यांनी तेवढे पैसे केले. आठवड्याभरात सगळं खाली आलं. अशा वेळी गाडी घालू नका, काच फुटली तर इन्शुरन्स देतो, डोकं फुटलं तर कोण देणार.

१५. नाशिकचा कांदा बांगलादेशला जातो तेव्हा आपली गाडी थेट ढाक्याला जाते का? तिथं परदेशी गाड्यांशी स्पर्धा असते का?

थेट नाही जात. लासलगाव-पिंपळगावहून गाडी पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या हद्दीपर्यंत जाते, पेट्रापोलला नाहीतर घोजाडांगाला. पुढं फार तर पलीकडच्या बेनापोलच्या लँडपोर्टपर्यंत माल जातो आणि तिथं बांगलादेशी गाडीत भरला जातो. बऱ्याचदा तर बनगावलाच माल तिथल्या लोकल गाडीत पलटी होतो. भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ ह्यांनी १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये एकमेकांच्या गाड्या सोडायचा करार केला होता, पण भूतानच्या संसदेत अडकला आणि पुढं रोजच्या धंद्यात काही उतरलं नाही.

त्यामुळं तिथं परदेशी गाडीशी स्पर्धा नाही, तिथं वाट बघण्याशी आहे. १४ सप्टेंबर २०२० ला अचानक कांदा निर्यातबंदी आली तेव्हा शेकडो गाड्या हद्दीवर उभ्याच राहिल्या, आत कांद्याला मोड यायला लागले. डिसेंबर २०२३ ला परत बंदी आली. म्हणून नाशिकचे जुने गाडीवाले बंगालची ट्रिप घेताना भाडं नंतर बोलतात, आधी हॉल्टिंग रोजचं किती ते लिहून घेतात.

१६. माझा भाचा कॅनडात ट्रक चालवतो. तिकडं पण असंच आहे का?

तसंच आहे, फक्त नियम पाळतात जास्त. कॅनडाची गाडी अमेरिकेत माल घेऊन जाते, तिथनं परतीचा माल कॅनडाचा भरते, पण शिकागोत भरून डॅलसला उतरवला तर चालत नाही. मेक्सिकोच्या गाड्यांना पण तेच. युरोपात थोडी सूट आहे, पोलंडची गाडी जर्मनीत माल खाली केल्यावर ७ दिवसांत ३ लोकल फेऱ्या मारू शकते. तिथंही पश्चिमेकडचे गाडीवाले ओरडतात की पोलंड-लिथुआनियाच्या स्वस्त ड्रायव्हरांनी रेट मारला, मग २०२२ पासून त्या फेऱ्या झाल्या की ४ दिवस त्या देशात लोकल काम बंद अशी अट घातली. भाच्याला विचारा, परतीला माल नसला की तो किती कमी डॉलरला भरतो ते. उत्तर प्रश्न ३ मध्येच आहे.

१७. दादा, तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. नुसतं गणित नको.

माझी गाडी गुजरातला जाते तेव्हा मी पण तिथं बाहेरचाच असतो, हे आधी कबूल करतो. गेल्या वर्षी वापीजवळ एका कंपनीत गाडी खाली करायला चार दिवस लावले, हॉल्टिंग मागितलं तर गेटवरच्या माणसानं गेटपास काढून हातात दिला आणि नमस्कार केला. त्यानंतर आठ तास परतीचा माल शोधला आणि शेवटी अशा भाड्यात भरला की तिथला जीजेवाला माझ्याकडं बघून शिव्याच घालत असणार.

म्हणून आता दोन कामं करतो. गाडी निघायच्या आधीच परतीचा माल फोनवर नक्की करतो, अंकलेश्वरच्या एका केमिकलवाल्याशी थेट बोलणं झालंय, ब्रोकर मध्ये नाही, रेट फार नाही पण गाडी दुसऱ्या दिवशी भरते. आणि एक दहाटायरी लांब पाठवतच नाही. गोकुळ शिरगावच्या दोन फाउंड्रींना सकाळी सातला गाडी दारात पाहिजे असते, रोज. मोरबीवाला तिथं सातला पोचू शकत नाही, त्याला फरशी उतरवायला अकरा वाजतात.